तलावाच्या पाळीवरील घरे

पाण्याकाठचे घर म्हटले की मराठी वाचकाच्या मनासमोर साहजिकच मुंबईचा समुद्र उभा राहतो, नाहीतर वाई-नाशिकचे नदीघाट आणि त्यांच्या लगतचे जुने वाडे. रायपूरला यांपैकी काहीच नाही. समुद्र येथून शेकडो कोस दूर आहे. आणि महानदीच्या परिवारातील जी खारून नदी या शहराला आपली म्हणता येईल, तीही जुन्या वस्तीपासून अंतर राखून शहराच्या पश्चिमेकडून वाहते. तिच्या काठी महादेव घाटावर हटकेश्वराचे देवालय आहे, कार्तिकी पौर्णिमेला तेथे मोठी जत्रा भरते, परंतु नगर वसले ते नदीच्या नव्हे, तलावांच्या आधाराने. तेव्हा रायपुरात पाण्याकाठी आधुनिक गृहरचना कशी करावी या प्रश्नाचा व्यवहारातील अर्थ तलावाच्या पाळीवर घर कसे बांधावे एवढाच होतो. आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात येऊन रायपूर त्याची राजधानी झाल्यापासून हा प्रश्न वास्तुशास्त्रज्ञांच्या दालनातून निघून मध्यमवर्गीय कुटुंबाच्या घरखरेदीपर्यंत, आणि झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाच्या पुनर्वसनापर्यंत येऊन पोहोचला आहे. या प्रश्नाकडे पाहण्याची जी रीत आज रूढ होत आहे तीत घराच्या समोर दिसणाऱ्या पाण्याचा विचार फार होतो आणि घराच्या पाठीमागून तलावाकडे येणाऱ्या पाण्याचा जवळजवळ होतच नाही, हे मला अत्यंत चिंताजनक वाटते. पुढील विवेचनाचा सारा रोख त्याच गोष्टीकडे आहे.

रायपूरच्या तलावांविषयी छत्तीसगडी लोकांत 'छै आगर छै कोरी' अशी परंपरागत गणना चालत आली आहे. एक कोरी म्हणजे वीस, तेव्हा सहा कोरी आणि वर सहा मिळून एकशेसव्वीस. या प्रदेशातील रतनपूर, मल्हार अशा अन्य जुन्या गावांविषयीही हीच संख्या सांगितली जात असल्यामुळे तिला मोजणीखात्याच्या आकड्याचे मूल्य देता येणार नाही. पण ज्या समाजाने आपल्या गावाची थोरवी तलावांच्या संख्येने सांगितली त्याची दृष्टी तिच्यातून कळते. कलचुरी राजांचा किल्ला बुढा तलाव आणि महाराजबंध या दोन जलाशयांच्या सान्निध्यात होता, म्हणजे त्या तटबंदीला पाण्याचे संरक्षण आयतेच मिळाले होते. बुढा तलावाचे नाव गोंडांच्या बूढादेव या देवतेशी निगडित मानले जाते. त्यापुढे कंकाली तलाव, तेलीबांधा, नरैया, राजा तलाव, आमा तलाव, कटोरा तलाव अशी नावांची मालिका चालू राहते.

या शहराशी मराठी माणसाचा संबंधही तलावांच्या काठानेच सांगता येतो. भास्करराम कोल्हटकर यांच्या 1741 मधील स्वारीनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या प्रभावाखाली आला. बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार पाहिला आणि 1787 मध्ये त्यांच्या निधनानंतर सुभेदारांचा अंमल सुरू झाला. 1818 नंतर इंग्रज अधीक्षक कर्नल अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले आणि या शहराचे भाग्य पालटले. भोसल्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या चाकरीच्या निमित्ताने, वकिलीच्या वा शाळामास्तरकीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे बुढापारा, तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यांत स्थिरावली. 'छत्तीसगढ मित्र' काढणारे आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणणारे माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा बुढा तलावाच्या शेजारी उभी आहे. वामनराव लाखे यांचे नाव एका वस्तीला मिळाले आहे. 1935 पासून येथे महाराष्ट्र मंडळ चालत आले आहे. पुढे विवेकानंद म्हणून विख्यात झालेला नरेंद्र 1877 मध्ये कुटुंबासमवेत रायपुरात आला आणि सुमारे दोन वर्षे याच परिसरात राहिला. त्याच्या स्मरणार्थ बुढा तलावाला विवेकानंद सरोवर हे नाव देण्यात आले आणि पाण्याच्या मध्यभागी स्वामीजींची भव्य मूर्ती बसवण्यात आली.

आता तलाव म्हणजे काय, हे नीट समजून घेतल्याखेरीज त्याच्या काठच्या घराविषयी काहीही बोलणे व्यर्थ आहे. छत्तीसगडच्या मैदानातील तलाव बहुधा जमिनीच्या सौम्य उताराला आडवी मातीची पाळ घालून, तिच्या आतली माती काढून सिद्ध केलेला असतो. वरच्या अंगाच्या माळावरून व शेतांतून वाहत येणारे पावसाचे पाणी एका ठरावीक मुखातून, ज्याला तेथील लोक मुही म्हणतात, आत प्रवेश करते. पुष्कळ ठिकाणी मुख्य तलावाच्या अलीकडे एक लहान डबके राखलेले असते, त्याला पैठू असे नाव आहे. गढूळ पाणी तेथे क्षणभर विसावते, गाळ खाली बसतो आणि निवळ पाणी पुढे जाते. तलाव भरला की अधिकचे पाणी सांडव्यावाटे निघून खालच्या अंगाच्या दुसऱ्या तलावात किंवा भातखाचरांत जाते, आणि अशा रीतीने एकाच उतारावरचे तलाव परस्परांशी जोडलेले राहतात. पायऱ्यांना पचरी म्हणतात. पुरुषांचा घाट वेगळा, स्त्रियांचा वेगळा, गुरे पाण्यावर नेण्याची बाजू वेगळी, अशी वाटणी असे. तलावाच्या मध्यभागी लाकडी खांब रोवून त्याचा विधिपूर्वक विवाह लावण्याची प्रथा या प्रदेशात होती, आणि असा विवाह न झालेल्या तलावाचे पाणी धर्मकार्याला चालत नसे. अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या 1993 मधील हिंदी पुस्तकाने या साऱ्या व्यवस्थेकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले, परंतु छत्तीसगडच्या खेड्यांतील सामान्य माणसाला ती पुस्तकावाचूनही ठाऊक होती.

या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. तलावाची पाण्याने व्यापलेली जागा हा त्याच्या संपूर्ण देहाचा केवळ दृश्य भाग आहे. त्याचे पाणलोट क्षेत्र, पैठू, मुही, पाळ आणि सांडव्यापुढची वाट हे बाकीचे अवयव कोरड्या जमिनीवर पसरलेले असून वर्षातील आठ महिने त्यांच्यात पाण्याचा थेंबही दिसत नाही. जमीन विकणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या दृष्टीला ती जागा मोकळी, रिकामी, बांधकामास सर्वथा योग्य अशीच भासते. तलाव बुजवला तर चार लोक हरकत घेतात, वर्तमानपत्रांत बातमी येते; मुहीवर भराव घातला तर कोणी ब्रही काढत नाही. आणि मुही बंद झालेला तलाव पुढच्या वीस वर्षांत सांडपाण्यावर जगू लागतो, त्याला दुर्गंधी सुटते, आणि मग तो बुजवावा अशी मागणी त्याच्या काठचे नागरिकच करू लागतात.

रायपुरातील तलावांची उपेक्षा कशी सुरू झाली याचा माग काढीत गेल्यास 1892 हे वर्ष मला महत्त्वाचे वाटते. राजनांदगावचे संस्थानिक राजा बलरामदास यांच्या मोठ्या देणगीतून त्या वर्षी रायपूरला खारून नदीचे नळाचे पाणी मिळाले. ही देणगी लोकोपकाराची होती यात शंका नाही. तलावाचे पाणी पिऊन पटकीला बळी पडणाऱ्या लोकांचे प्राण नळाने वाचवले. परंतु ज्या पाण्याला रोज तोंड लावावे लागत नाही त्याच्या शुचितेची काळजी माणूस फार काळ वाहत नाही. पिण्याचे पाणी नळाला गेले, पुढे स्नान व धुणे घरात गेले, आणि तलाव शहराच्या दैनंदिन जीवनातून हळूहळू निवृत्त झाला. रजबंधा तलावाच्या जागी आज मैदान आणि वृत्तपत्रांच्या इमारती आहेत. लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार भरतो. कटोरा तलावाचे नाव मुख्यतः त्या भागातील वसाहतीच्या पत्त्यात उरले आहे.

दुसरे कारण दप्तरातले आहे, आणि ते विदर्भातील वाचकांना परिचित असेल. जुन्या मध्यप्रांतात मालगुजारी पद्धत होती. गावाचा मालगुजार तलावाची देखरेख करी, आणि गावकऱ्यांचे पाण्यावरील, गवतावरील, सरपणावरील हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक या कागदांत नोंदलेले असत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ज्यांना आज 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांची कथा हीच आहे. मालकी बदलणे न्याय्यच होते. परंतु दरसाल गाळ काढण्याची, पाळीवरची झुडपे तोडण्याची, मुही मोकळी करण्याची जी जबाबदारी पूर्वी एका माणसाच्या आणि त्याच्या गावाच्या शिरावर स्पष्टपणे होती, ती नव्या व्यवस्थेत नेमकी कोणाच्या शिरावर आहे हे अस्पष्ट राहिले. शहराच्या हद्दीत आलेल्या तलावांची स्थिती याहून बिकट, कारण जमीन महसूलखात्याची, पाणी महापालिकेचे, मासेमारीचा ठेका तिसऱ्याचा आणि काठावरचे बांधकाम नगर व ग्राम निवेश विभागाच्या अखत्यारीत, असे एकाच वस्तूचे अनेक धनी झाले. म्हणूनच रायपुरात तलावाजवळ घर घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने बांधकाम-व्यावसायिकाच्या रंगीत नकाशावर संतुष्ट न राहता जुन्या बंदोबस्ताचा नकाशा आणि खसरा पाहावा असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या इमारतीखाली पूर्वी काय होते हे तेथे कळते, आणि एकदा कळले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

तेलीबांधा तलावाचे उदाहरण आता सविस्तर पाहिले पाहिजे, कारण आधुनिक रायपुरात पाण्याकाठच्या वसतीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बोधप्रद प्रयोग तेथे झाला. हा तलाव मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यालगत, एकेकाळी शहराच्या पूर्व सीमेवर होता. रायपूर-धमतरी छोट्या रेल्वेचे तेलीबांधा नावाचे स्थानकही जवळच होते. ती शहरातील लोहवाट आता उखडली गेली आहे आणि तिच्या जागेवरून रुंद रस्ता धावतो. राजधानी झाल्यावर शहर पूर्वेकडे, विमानतळाच्या आणि नव्या रायपूरच्या दिशेने वाढू लागले. 2001 मध्ये सहा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2011 च्या खानेसुमारीत दहा लाखांवर गेली, आणि सीमेवरचा तेलीबांधा बघता बघता मध्यवर्ती, मोलाच्या जमिनीचा भाग झाला. त्याच्या काठावर तोवर दाट झोपडवस्ती होती. पाण्याच्या कडेपर्यंत आलेली घरे, त्यांचे सांडपाणी सरळ तलावात, आणि तलाव आकुंचित व मलिन.

अशा वेळी भारतातील बहुतेक शहरांनी जे केले असते ते सर्वांना ठाऊक आहे: वस्ती उचलून शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर नेऊन टाकायची आणि मोकळ्या झालेल्या काठावर बाग व उंच इमारती उभ्या करायच्या. रायपूर महापालिकेने येथे तसे केले नाही. 2005 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत छत्तीसगडमधून एकटे रायपूर निवडले गेले होते. त्या योजनेच्या, शहरी गरिबांना मूलभूत सेवा देणाऱ्या शाखेतून तेलीबांधाच्या सातशेहून अधिक कुटुंबांसाठी तलावाशेजारीच चार मजली पक्क्या इमारती बांधण्यात आल्या. पसरट झोपड्यांनी व्यापलेली जागा उभ्या इमारतींत सामावल्यामुळे काठाचा मोठा भाग मोकळा झाला. त्यावर फिरण्याचा मार्ग, झाडे, दिवे आले, आणि लोकांनी त्याला मुंबईच्या आठवणीने मरीन ड्राइव्ह म्हणायला सुरुवात केली. 2016 मध्ये तेथे 82 मीटर उंचीच्या स्तंभावर राष्ट्रध्वज चढवण्यात आला. आज सायंकाळी शहरातील सर्व थरांतील माणसे त्या काठावर दिसतात.

या प्रयोगाचे मोल मी फार मानतो, आणि त्याचे कारण केवळ दयाबुद्धीचे नाही. तलावाकाठी राहणारे मजूर, भाजीविके, घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया यांची उपजीविका चालण्याच्या अंतरावर असलेल्या वस्त्यांवर अवलंबून असते. त्यांना दूर नेले की मिळालेले पक्के घर विकून वा भाड्याने देऊन ती पुन्हा शहरातल्याच दुसऱ्या नाल्याकाठी येऊन बसतात, असा अनुभव मुंबईपासून अहमदाबादपर्यंत सर्वत्र आलेला आहे. जागच्या जागी केलेल्या पुनर्वसनाने ते टळते. परंतु स्तुतीबरोबर काही गोष्टी बोलल्याच पाहिजेत. त्या योजनेत घराचे किमान चटईक्षेत्र 25 चौरस मीटर ठरवलेले होते. सहा माणसांच्या कुटुंबाला एवढ्या जागेत अंगण, ओटा, परसू यांची भरपाई कोठून व्हावी? झोपडी कितीही वाईट असली तरी तिच्यासमोर एक वीत उंबरठ्याबाहेरची जागा असते, जिथे सायकल उभी राहते, वडे-पापड वाळतात, म्हातारी माणसे बसतात. तिसऱ्या मजल्यावर ही जागा जिन्याच्या वळणावर शोधावी लागते. म्हणून अशा इमारतींत प्रत्येक मजल्यावर रुंद, उजेडाचा सामाईक व्हरांडा देणे हा अनाठायी खर्च नसून गृहरचनेचा गाभा आहे, आणि तो व्हरांडा तलावाच्या दिशेला असावा. मुंबईच्या जुन्या चाळींनी हे तत्त्व फार पूर्वीच सिद्ध करून ठेवले आहे. पाण्यावरचा वारा आणि दृश्य यांचा लाभ धनिकांच्या सज्ज्यांना जसा, तसाच त्या सामाईक व्हरांड्याला मिळाला पाहिजे.

रचनेच्या तांत्रिक अंगांत पहिले महत्त्व जोत्याच्या उंचीला आहे. सामान्यतः घराचे जोते समोरच्या रस्त्याच्या पातळीवरून ठरवले जाते. तलावाकाठी हा हिशेब चुकतो. तेथे जोते तलावाच्या सांडव्याच्या माथ्यावरून, आणि मोठ्या पावसात सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून ठरले पाहिजे. रायपूरला वर्षाला सरासरी बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्यातही एखाद्या रात्री जे पाणी कोसळते त्याने वर्षभराचे सारे अंदाज कोलमडतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काय घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही: काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला, आणि तलावाखालच्या सुस्थित वसाहतींत झोपेतून उठलेल्या माणसांच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले. त्या घरांपैकी पुष्कळांचे जोते रस्त्यापासून योग्य उंचीवर होते. उणीव होती ती पाण्याच्या वाटेची. महाराष्ट्रात नदीकाठी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. शहरी तलावांच्या खालच्या अंगालाही अशीच रेषा आखून ती बांधकामाच्या परवान्यावर उमटवावी, असे मला निश्चितपणे वाटते.

याच्या जोडीला एक लहानशी परंतु सार्वत्रिक गोष्ट सांगतो. आपल्या शहरांत रस्ता दुरुस्त करताना जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवतात. दहा-पंधरा वर्षांत रस्ता फूटभर वर येतो आणि शेजारची घरे तेवढीच खाली जातात. तलावाकाठच्या रस्त्याबाबत हे विशेष घातक ठरते, कारण उंचावलेला रस्ता म्हणजे नकळत घातलेला दुसरा बांधच होय. तलावाकडे जाणारे पावसाचे पाणी तो अडवतो आणि घरांकडे वळवतो.

जमिनीविषयीही सावधगिरी हवी. रायपूरच्या परिसरात खाली चुनखडक व शेल यांचे थर आहेत आणि वर भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशा स्थानिक नावांनी ओळखल्या जाणाऱ्या माती आहेत. यांतली कन्हार म्हणजे विदर्भातल्या काळ्या मातीची बहीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरच्या भिंतींना तडे पाडते. अशा जमिनीत तळाशी फुगीर केलेल्या खांबांचा पाया, जो रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने प्रचारात आणला, तो फार उपयुक्त ठरतो. बुजवलेल्या तलावाच्या गाळावरील बांधकाम तर याहून कठीण, कारण भराव वर्षानुवर्षे खचत राहतो आणि खाली कोंडलेले पाणी जुन्या वाटा शोधीत राहते. पाण्याकाठच्या मोठ्या इमारतीखाली वाहने ठेवण्यासाठी दोन-दोन तळघरे खणण्याची जी चाल पडली आहे ती येथे सर्वथा त्याज्य मानावी. तळघर तलावाच्या पातळीखाली गेले की पाझर थांबत नाही. मग रात्रंदिवस पंप लावून ते पाणी गटारात सोडावे लागते, म्हणजे ज्या तलावाच्या सान्निध्याची किंमत ग्राहकाने मोजली तोच तलाव त्याच्या विजेच्या खर्चाने उपसला जातो. वाहनांची सोय जमिनीच्या पातळीवर, इमारत खांबांवर उचलून करावी. पुराच्या प्रसंगी पाण्यालाही जाण्यास जागा राहते.

सांडपाण्याविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नसावी, तरी एक मुद्दा अधोरेखित करतो. चुनखडकाच्या प्रदेशात जमिनीखाली फटी आणि पोकळ्या असतात, आणि शोषखड्ड्यात सोडलेले मैलापाणी पुरेसे गाळले जाण्यापूर्वीच त्यांतून दूरवर जाऊ शकते. तलावात पोहोचलेल्या मैल्यातील नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी व शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि एखाद्या उष्ण सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतात. तेव्हा काठच्या प्रत्येक वसाहतीचे सांडपाणी तलावाला वळसा घालणाऱ्या बंद नळातून शुद्धीकरण केंद्राकडे गेले पाहिजे, आणि पावसाच्या पाण्याची नाली त्यापासून पूर्णपणे निराळी राहिली पाहिजे. या दोन वाटा एकत्र झाल्या की उत्तमातले उत्तम केंद्रही पावसाळ्यात निकामी होते. पावसाची नाली तलावात पडण्यापूर्वी जुन्या पैठूसारखे एक लहान कुंड, त्यात लव्हाळे व बोरू, एवढी व्यवस्था केली तर गाळ तेथेच थांबेल. हे कुंड दरसाल उपसावे लागेल. पैठूही उपसावा लागत असेच.

आता काठाकडे येऊ. सौंदर्यीकरण या नावाखाली आज तलावाला चहूबाजूंनी उभी सिमेंटची भिंत आणि वर पेव्हर ब्लॉकचा मार्ग घालण्याची रूढी पडली आहे. उभ्या भिंतीने पाण्यातून जमिनीवर येणारा उतार नाहीसा होतो. त्या उताराच्या उथळ पाण्यातच मासे अंडी घालतात, बगळे उभे राहतात, कासवे बाहेर येतात. आणि एखादे मूल पाय घसरून पडले तर त्याला हात-पाय टेकायला जागाही तेथेच असते. शिवाय तलावाची पातळी भाद्रपदापासून वैशाखापर्यंत कित्येक फूट खाली उतरते. मे महिन्यात, जेव्हा रायपूरचे तापमान चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढते, तेव्हा उभ्या भिंतीखाली चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, तर पचरीच्या पायऱ्यांवर पाणी एकेक पायरी उतरत जाते आणि काठ कोणत्याही ऋतूत उजाड दिसत नाही. विक्रीसाठी काढलेली चित्रे नेहमी भरल्या तलावाची असतात. घर आखणाऱ्याने वैशाखातला तलाव पाहून मगच पेन्सिल हाती धरावी.

अ‍ॅमस्टरडॅमच्या पूर्वेकडील जुन्या गोद्यांच्या जागी विसाव्या शतकाच्या अखेरीस बोर्निओ-स्पोरेनबर्ग ही सुमारे अडीच हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि तिची छायाचित्रे आपल्याकडील वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना मोहात पाडतात: घराची भिंत सरळ पाण्यात, दाराशी नाव बांधलेली. परंतु त्या पाण्याची पातळी डच लोक दरवाजे व पंप यांच्या साहाय्याने वर्षभर जवळजवळ स्थिर राखतात, हे छायाचित्रात दिसत नाही. हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तेथे वादळी भरतीचे पाणी येणार हे गृहीत धरून इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंचीच्या भरावांवर उचलल्या, आणि काठावरचा सार्वजनिक मार्ग मात्र खालीच, पाण्याला बुडू द्यावा असाच ठेवला. काठ लोकांचा आणि पाण्याचा, घर त्यामागे उंचावर. हा क्रम रायपूरलाही शोभेल.

पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यावर हक्क कोणाचा, हाही प्रश्न रचनाकाराने टाळू नये. उन्हाळ्यात तलावाच्या पृष्ठभागावरून वाहत आलेला वारा मागच्या गल्ल्यांपर्यंत पोहोचतो, तो काठावर सलग उंच इमारतींची भिंत उभी राहिली की पोहोचत नाही. चटई क्षेत्र निर्देशांक वाढवून मिळाला म्हणून तो सगळा पहिल्या रांगेत खर्च करू नये. पाण्याकडची इमारत बुटकी, तिच्या मागची जरा उंच, आणि प्रत्येक दोन इमारतींमध्ये वारा आणि दृष्टी दोन्ही आरपार जातील एवढी मोकळी जागा, अशी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली तर मागच्या जुन्या मोहल्ल्याचे काही हिरावले जात नाही. त्याचप्रमाणे काठापर्यंत जाणारी प्रत्येक जुनी वाट, मग ती केवढीही अरुंद असो, वसाहतीच्या कुंपणात न घेता खुली ठेवावी. छठपूजेला, भोजलीच्या विसर्जनाला, दशक्रियेला, पितृपक्षात लोकांना पाण्याशी जावे लागते. निस्तारपत्रकात लिहिलेला हक्क फ्लॅटच्या खरेदीखताने नष्ट होत नाही, आणि होऊ नये.

कायद्याचा आधार या बाबतीत आहे, पण तो अर्धा आहे. हिंचलाल तिवारी प्रकरणात 2001 मध्ये आणि जगपाल सिंग प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावतळी व सामाईक जमिनी यांच्या रक्षणाविषयी निःसंदिग्ध निर्णय दिले. बंगळूरच्या तलावांभोवती 75 मीटरचा मोकळा पट्टा ठेवण्याचा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा 2016 चा आदेश मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केला, कारण शहराच्या विकास आराखड्यातील अंतरे न्यायाधिकरणाला बदलता येत नाहीत. म्हणजे तलावाभोवती किती सामासिक अंतर सोडावे हे शेवटी आराखड्यावर अवलंबून राहते, आणि आराखडा नागरिकांच्या हरकती व सूचना मागवून मंजूर होतो. हरकतींसाठीच्या तीस दिवसांच्या मुदतीत रायपूरच्या किती तलावांची मुही आणि किती सांडवे नकाशावर दाखवले गेले आहेत, हे पाहून हरकत नोंदवणे प्रत्येक रहिवाशाच्या हाती आहे.

बांधकाम पुरे झाल्यावर तलावाची दरसालची कामे कोणी करायची, याची तजवीज प्रथमपासून झाली पाहिजे. काठच्या सहकारी गृहसंस्थांनी आपल्या मासिक वर्गणीतला ठरावीक वाटा तलावाच्या स्वतंत्र खात्यात भरावा, महापालिकेने तेवढीच भर घालावी, आणि पुनर्वसित कुटुंबांवर पैशाचा भार न टाकता त्यांच्यातील माणसांना त्या कामाची मजुरी मिळावी. मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थेचा प्रतिनिधी त्या समितीत असावा, कारण पाण्याचे दुखणे त्याला सर्वांआधी कळते. ज्येष्ठ महिन्यात, मृगाच्या आधी, मुहीतला कचरा काढणे, गाळकुंड उपसणे आणि सांडव्यावरची झुडपे तोडणे ही तीन कामे उरकली पाहिजेत. उपसलेला गाळ आजूबाजूच्या शेतकऱ्यांना न्यायला द्यावा. धमतरी रस्त्यावरच्या भातखाचरांना तो खताप्रमाणे उपयोगी पडतो.